प्रवासबंदी आणि पन्नास माणसांची मर्यादा: वादाला उभं राहण्याआधी हे दोन विषय वेगळे करा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वादविवाद स्पर्धेत ‘महामारीच्या काळात राज्य सरकारने घातलेली प्रवासबंदी आणि जमावावरची मर्यादा समर्थनीय होती’ हा विषय आहे आणि तुमच्या वाट्याला विरोधी बाजू आली आहे. लग्नाला पन्नास, अंत्यविधीला वीस, जिल्हा ओलांडायला ई-पास, हे सगळं कशाच्या आधारावर ठरलं? त्याला शास्त्राचा पाया होता, की मंत्रालयात बसून कोणीतरी आकडे टाकले?

मी जिल्हा पातळीवर साथरोगाच्या कामात आयुष्य काढलं आहे. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, जिल्हाधिकाऱ्यांकडच्या बैठकांत आरोग्य विभागाचं म्हणणं मांडायला बसत होतो, आणि तिथून निघालेला आदेश गावात कसा पोहोचतो हेही पाहत होतो. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या विषयात दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात बांधल्या आहेत आणि बहुतेक वक्ते तिथेच अडकतात. प्रवासबंदीचा प्रश्न असतो, रोग इथे कधी पोहोचतो. जमावमर्यादेचा प्रश्न असतो, पोहोचलेला रोग एका फटक्यात किती जणांना गाठतो. पहिलीला विरोध आणि दुसरीला पाठिंबा, अशी भूमिका एकाच माणसाची असू शकते. माझी बरीचशी तशीच आहे.

आधी प्रवासबंदी. ती कधीच चालत नाही असं म्हणाल तर समोरचा तुम्हाला १९१८ चं सामोआ दाखवेल. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत अमेरिकन सामोआने आपली बंदरं बंद केली आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत नोव्हेंबरमध्ये ‘तालूने’ नावाचं जहाज आजारी प्रवासी घेऊन आलं, ते उतरले, आणि जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. म्हणजे बंदी चालते. पण ती चालली कारण समुद्र होता, जहाजं मोजकी होती आणि रोग आत शिरलेला नव्हता. या तीनपैकी एकही गोष्ट नसली तर काय होतं, याचं उदाहरण वुहान. २३ जानेवारी २०२० ला वुहान बंद झालं तोवर रोग चीनच्या इतर शहरांत पोहोचला होता. नंतर झालेल्या एका गणिती अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की या बंदीमुळे चीनच्या आतली साथ तीन ते पाच दिवसच पुढे ढकलली गेली. चीनबाहेर जाणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटले. बंदी एकच, परिणाम दोन, कारण सीमेच्या दोन बाजूंची स्थिती वेगवेगळी होती.

म्हणून कुठल्याही प्रवासबंदीबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे संसर्गाच्या प्रमाणात मोठा फरक आहे का? फरक असेल तर अडवण्यात अर्थ आहे. दोन्हीकडे सारखाच संसर्ग असेल तर एक रुग्ण अडवून दुसऱ्या रुग्णाला घरात ठेवल्यासारखं होतं. दुसरा प्रश्न: अडवल्याने जे दिवस मिळतात त्यांत काय केलं? खाटा वाढल्या का, ऑक्सिजनची सोय झाली का, तपासणीचा निकाल लवकर यायला लागला का? तसं झालं नसेल तर लोकांनी सोसलं आणि हाती काही आलं नाही.

याच दोन कसोट्यांवर २०२० चा कोकणातला गणेशोत्सव पाहा. मुंबईत संसर्ग खूप, सिंधुदुर्गात कमी, आणि सिंधुदुर्गातली वैद्यकीय सोय अगदी तोकडी. फरक खराच होता. २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचावं आणि दहा दिवस विलगीकरणात राहावं, त्यानंतर येणाऱ्यांनी चाचणी करून यावं, अशी रचना ठरली. एसटीने येणाऱ्यांना वेगळा ई-पास नव्हता. या दहा दिवसांना आधार होता. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस लागतात आणि ज्यांना लक्षणं येतात त्यांच्यातल्या बहुतेकांना ती अकरा-बारा दिवसांत येतात. आधी चौदा दिवस मागितले जात होते, ते दहावर आले. थोडा धोका पत्करून लोकांना गणपतीला गावी जाऊ दिलं. हा तडजोडीचा निर्णय होता आणि तो मला योग्य वाटतो. यात येणाऱ्याला घराचा दरवाजा बंद नव्हता. अट होती, आणि ती पाळता येईल इतकी छोटी होती.

आता त्याच महिन्यातला ई-पास घ्या. तुमच्या बाजूला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. केंद्राने २९ जुलै २०२० च्या आदेशात राज्याराज्यांत आणि राज्याच्या आत ये-जा करायला वेगळी परवानगी लागणार नाही असं म्हटलं. महाराष्ट्राने जिल्हाबंदी ठेवली. मग २० ऑगस्टपासून एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सुरू झाली आणि तिच्या प्रवाशांना पास लागत नव्हता. स्वतःच्या गाडीतून बायको-मुलांसह जाणाऱ्याला मात्र पास हवा! २ सप्टेंबरला ही अट गेली. पण ते दिवस लोकांच्या लक्षात राहिले. चाळीस अनोळखी माणसांबरोबर बसून जायला मोकळीक आणि घरच्या चौघांना अडवणूक, याचं समर्थन साथरोगशास्त्रात कुठेही सापडत नाही. एसटी सुरू करणं गरजेचं होतं, कारण गाडी नसलेल्या माणसालाही दवाखाना आणि रोजगार लागतो. पण ती सुरू झाली त्याच दिवशी खासगी गाड्यांचा पास रद्द व्हायला हवा होता.

नाक्यावर प्रत्यक्षात काय चालायचं तेही तुम्हाला माहीत असलं पाहिजे. मंडपाखाली एक टेबल, त्यावर नोंदवही, एक पोलीस, एक आरोग्यसेवक आणि ड्युटी लागलेले झेडपीच्या शाळेचे गुरुजी. हातात तापमान मोजायची थर्मल गन. भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं, एसी गाडीतून उतरलेल्याचं गार. त्या आकड्याचा भरवसा किती धरायचा? आणि संसर्ग झालेला माणूस लक्षणं येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोग पसरवू शकतो, म्हणजे त्या गनमध्ये तो दिसतच नाही. भाजीचा टेम्पो, दुधाची गाडी, सिलिंडरचा ट्रक, हे जाणारच होते आणि जायलाच हवे होते. ज्याच्याकडे पास नाही तो जुन्या घाटाने किंवा शेताच्या वाटेने रात्री गावात येई. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं नुकसान हे होतं. राजरोस आलेल्या माणसाची नोंद होते, आशाताई दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाते, खोकला-ताप विचारते. चोरून आलेला माणूस आजारी पडला तरी सांगत नाही, कारण आधी कसा आलास हे विचारलं जाणार. पुण्यात १८९७ च्या प्लेगात घरांच्या झडत्या सुरू झाल्यावर लोक रुग्ण लपवू लागले होते. साथरोगाचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने तोच लागू केला. सव्वाशे वर्षांनीही माणसं तशीच वागली. सक्ती जितकी भीतीदायक, तितकी माहिती कमी. आणि साथीत माहिती गेली की हातात काही उरत नाही.

बंदीची किंमत कोण चुकवतो, हे मात्र आकड्यांत अडकून विसरू नका. मार्च २०२० मध्ये कर्नाटकने केरळच्या सीमेवर तलपाडीजवळ रस्ता अडवला. कासरगोडच्या माणसांचा दवाखाना म्हणजे मंगळूर, वर्षानुवर्षांचा. रुग्णवाहिका अडल्या, माणसं दगावली, आणि शेवटी न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, पण आंतरराज्य विलगीकरण केंद्राच्या सूचीत आहे. एका राज्याला दुसऱ्याच्या तोंडावर दार लावता येतं का, हा वाद तिथूनच निघतो. आपल्याकडे सावंतवाडी-दोडामार्गची पोरं गोव्यात कामाला जातात, कोल्हापूर आणि बेळगावची माणसं कोगनोळी नाक्यावरून रोज ये-जा करतात. नकाशावरची रेष आणि जगण्याचा परिसर एक नसतो. आणि ८ मे २०२० ची पहाट: जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली गेले. ते भुसावळला गाडी मिळेल या आशेने निघाले होते. प्रवास बंद करताना, जो माणूस आत्ता घरापासून दूर आहे आणि ज्याची मजुरी उद्यापासून बंद आहे, त्याचं काय, याचं उत्तर आदेशातच असायला हवं. चार तासांच्या सूचनेवर देश बंद करताना ते उत्तर नव्हतं. विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे आणि तो मला मनापासून पटतो.

आता जमाव. इथे मी तुमच्या बाजूने नाही, आणि का ते नीट सांगतो. पन्नास हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. पण आकडा कमी ठेवण्यामागचं गणित अगदी पक्कं आहे आणि ते तुम्ही स्वतः करून पाहू शकता. समजा एखाद्या शहरात दर २०० माणसांमागे एक जण आज रोग पसरवण्याच्या अवस्थेत आहे. १० माणसं जमली तर त्यांत असा किमान एक असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. ५० जमली तर २२ टक्के. २०० जमली तर ६३, आणि ५०० च्या लग्नात ९२ टक्के. म्हणजे पाचशेच्या लग्नात तो माणूस आहे असंच धरून चालायचं. आता संसर्ग ओसरला आणि दर २००० माणसांमागे एकच उरला, तर ५० जणांत ही शक्यता अडीच टक्क्यांवर येते आणि ५०० जणांत २२ वर. मर्यादा किती असावी हे रोगाच्या प्रमाणावर अवलंबून आहे ते असं. केंद्राने मे २०२० मध्ये ५० सांगितले, सप्टेंबरपासून १०० चालू लागले, महाराष्ट्रात २०२१ च्या वसंतात परत ५० आणि एप्रिलमध्ये २५ झाले. लोक याला धरसोड म्हणत. आकडा बदलणं बरोबरच होतं. तो का बदलतोय हे कोणी समजावून सांगत नव्हतं, दोष तिथे होता.

तुम्ही म्हणाल, पाचशेच्या एका लग्नाऐवजी पन्नासची दहा लग्नं झाली तर बाधित माणसं तितकीच आली, फायदा काय? फायदा असा की हा रोग सगळे सारख्या प्रमाणात पसरवत नाहीत. बरेच जण कोणालाच देत नाहीत आणि थोडेच जण एका बैठकीत कित्येकांना देतात. मर्यादा घातली की त्या एका बैठकीचं नुकसान तरी मर्यादेत राहतं. शिवाय पन्नास माणसं शोधता येतात. एका तालुक्याच्या गावात हळदीच्या संध्याकाळी बंद हॉलमध्ये गाणी-नाच झाले आणि आठवड्याभरात दोन्हीकडचे लोक पॉझिटिव्ह यायला लागले. कोण कोण होतं, हे घरचे सांगेनात, दंडाची भीती. शेवटी आमच्या एएनएमने, म्हणजे गावच्या परिचारिकेने, आहेराची वही मागितली. त्यात नाव, गाव, रक्कम, सगळं क्रमाने लिहिलेलं. त्या वहीवरून आम्ही दोन दिवसांत संपर्कातली माणसं गाठली, आजूबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना नावं कळवली. पाचशेची वही असती तर तोवर पुढची फेरी सुरू झाली असती.

पण मर्यादेची एक मोठी उणीव तुमच्या उपयोगाची आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट काउंटीत १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघं गेले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या गव्हर्नरांनी सिएटल परिसरातल्या तीन काउंट्यांत २५० हून मोठ्या कार्यक्रमांवर बंदी घातली. ती स्कॅगिटला लागू असती तरी या तालमीला लागली नसती. कारण धोका नुसत्या संख्येत नव्हता. बंद खोली, मोठ्याने गाणं आणि अडीच तास, यांच्यात होता. आपल्याकडचा २१ एप्रिल २०२१ चा आदेश या बाबतीत थोडा पुढे गेला: लग्नाला २५ माणसं, एकच कार्यक्रम, एकच हॉल, दोन तास, आणि मोडल्यास ५०,००० रुपये दंड. दोन तास ही अट संख्येइतकीच महत्त्वाची होती, पण चर्चा झाली ती फक्त पंचवीसची. आणि शेवटपर्यंत बंद एसी हॉल आणि घरासमोरचं मोकळं अंगण यांना जवळजवळ एकाच मापाने मोजलं गेलं. पोलिसाला डोकी मोजता येतात, हवा मोजता येत नाही, म्हणून आदेशात डोकी येतात हे मी समजू शकतो. तरी खिडक्या उघड्या ठेवणाऱ्याला, मोकळ्यावर कार्य करणाऱ्याला काही सवलत दिली असती तर लोकांनी धोका कशात आहे ते ओळखलं असतं. आषाढीला २०२० मध्ये मानाच्या पालख्या वीस-वीस वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. लाखोंची वारी थांबवणं भागच होतं, मुक्कामाच्या गावांत ती झेपली नसती. वारकऱ्यांनी ते स्वीकारलं कारण संप्रदायातल्या मंडळींशी आधी बोलणं झालं होतं. जिथे असं बोलणं झालं तिथे आदेश टिकला, हा माझा अनुभव आहे.

इथवरचं थोडक्यात: प्रवासबंदी दोन्ही बाजूंत फरक असेल तेव्हाच आणि थोडे दिवसच, जमावमर्यादा रोगाच्या प्रमाणानुसार आणि जागेनुसार. आता उरला तो अधिकाराचा भाग.

घटनेच्या कलम १९ ने भारतभर फिरण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली आहे. सगळा वाद ‘वाजवी’ या शब्दाभोवती आहे. न्यायालयं साधारण हे पाहतात की उद्देश खरा आहे का, उपाय त्याला लागू पडतो का, याहून कमी जाचक उपाय होता का, आणि जाच लाभाच्या प्रमाणात आहे का. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी मज्जाव करणं त्या वेळच्या स्थितीत प्रमाणशीर नाही असं म्हटलं. संसर्ग कमी असेपर्यंत असे निर्बंध लावू नयेत, असं सांगितलं. म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये वाजवी असलेली गोष्ट एका वर्षाने अवाजवी ठरू शकते. त्यामुळे ‘समर्थनीय होते की नव्हते’ असा एकच शिक्का मारू नका. कोणता निर्बंध, कोणत्या महिन्यात, असं विचारा.

आणि तो केव्हा उठणार, हे आदेशातच लिहिलेलं आहे का ते पाहा. माझ्या मते हीच खरी कसोटी. महाराष्ट्राच्या आदेशांत ४ जून २०२१ चा आदेश या कसोटीला सगळ्यात चांगला उतरतो. पाच स्तर, आणि प्रत्येक स्तराला दोन आकडे: पॉझिटिव्हिटी दर (शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले) आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. दर ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांखाली, तर पहिला, म्हणजे सगळ्यात सैल स्तर. दर २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर, तर पाचवा, आणि ई-पास लागणार तो फक्त या पाचव्या स्तरापुरता. दर गुरुवारी आकडे, सोमवारपासून अंमल. दुकानदारालाही कळत होतं की आपल्याला अजून किती अंतर काटायचं आहे. त्यातही खोट होती. पॉझिटिव्हिटी दर कोणाची तपासणी करता यावर हलतो. बाजारातल्या धडधाकट माणसांचे स्वॅब वाढवले की दर आपोआप खाली येतो, रोग होता तिथेच असतो. म्हणून मी खाटांचा आकडा जास्त मानायचो, जरी तो उशिरा बोलतो. तीन आठवड्यांनी, २५ जूनला, फक्त आरटी-पीसीआर चाचण्या धरायच्या आणि तिसऱ्या स्तराच्या खाली कोणी यायचं नाही असं ठरलं. पहिली दुरुस्ती योग्य होती. दुसरीमुळे आकडे सुधारलेल्या जिल्ह्यांना दिलेला शब्द मोडला. डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराची भीती होती हे खरं, पण लोकांनी कष्टाने गाठलेला टप्पा काढून घेतला की पुढच्या आदेशावर त्यांचा विश्वास बसत नाही.

अंत्यविधीच्या वीस माणसांबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. सगळ्या मर्यादांत मला सर्वांत कमी पटलेली ती हीच. स्मशानभूमी मोकळ्यावर असते, तिथे माणसं तासभर उभी राहतात, अंतर ठेवता येतं. खरा धोका त्याआधी घरातल्या गर्दीत आणि नंतर दहाव्या-तेराव्याच्या जेवणात असायचा. पुन्हा आदेश लिहायची वेळ आली तर मी घरात भेटायला येणाऱ्यांवर आणि जेवणावळीवर कडक मर्यादा घालीन, स्मशानात मोकळ्यावर पन्नासाला हरकत घेणार नाही, आणि जवळच्या नातेवाइकांना जिल्हा ओलांडायला कुठल्याही नाक्यावर अडवू देणार नाही. एप्रिल २०२१ च्या आदेशात अंत्यविधीसाठी प्रवासाची सवलत लिहिलेली होती. नाक्यावर ती मिळायची की नाही, हे तिथल्या माणसावर असायचं. तुमच्या भाषणात हा मुद्दा घ्या आणि समोरच्यांना विचारा की या सवलतीसाठी मृत्यूचा कोणता पुरावा मागायचा आणि तो रात्री दोन वाजता निघालेल्या मुलाने आणायचा कुठून.